किडेकाकांचा तळहात

"काका, तुमच्या भुंगेऱ्याला सात पाय आहेत," संपादिकाबाई फोनवर म्हणाल्या.

किडेकाका दाढी करत होते. एका गालावर फेस, दुसरा गाल गुळगुळीत, अशा अर्ध्या अवस्थेत ते बाथरूमच्या दारात थबकले.

"सहा," ते म्हणाले.

"सात."

"बाई, कीटकाला सहा पाय असतात."

"ते मला माहीत आहे हो. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात तसं छापलंय. आणि त्याच वाक्याच्या खाली तुमचा भुंगेरा सात पायांवर उभा आहे. मुद्दाम काढलाय का? म्हणजे एखादी नवीन जात वगैरे..."

"बघतो," एवढंच म्हणून किडेकाकांनी फोन ठेवला आणि फेसासकट टेबल गाठलं.

किडेकाकांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. उभा जन्म त्यांनी किडे काढण्यात घालवला होता. शाळेच्या पुस्तकांतली फुलपाखरं त्यांची, शेतीच्या माहितीपत्रकांतल्या अळ्या त्यांच्या आणि झुरळं मारायच्या डब्यावरचं ते उताणं पडलेलं समाधानी झुरळही त्यांचंच. आजवर हे सगळं कागदावर, शाईने आणि बारीक निबाने चालायचं. पण यंदा प्रकाशकांनी कळवलं की कागद नको, सगळं कॉम्प्युटरवर हवं. मग धाकट्या लेकीने, म्हणजे बारकीने, बाबांना एक भली मोठी टचस्क्रीन आणि तिच्यावर चालणारं पेन आणून दिलं. वर त्यांचा फोनही तिला जोडून टाकला. "आता फोन शोधत घरभर फिरू नका," ती म्हणाली होती. "कॉल, मेसेज, सगळं इथेच येईल." एवढं करून ती कॉलेजच्या सहलीला निघून गेली.

किडेकाकांनी भुंगेरा उघडला आणि पाय मोजले. सात. उलट्या बाजूने मोजले. तरी सात. उजवीकडे, मधल्या आणि मागच्या पायाच्या मध्ये, एक जादा पाय होता, आणि तो काही चुकून ओढलेली रेघ वगैरे नव्हता. त्याला मांडी होती, नडगी होती, नडगीवर काटे होते आणि टोकाला दोन नख्या. इतका सुरेख पाय किडेकाकांशिवाय कुणी काढूच शकला नसता. फक्त तो काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्यांचे वडील, अप्पा, शेवटी शेवटी बशीला कप म्हणत आणि कपाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत. त्याचीही सुरुवात अशीच कुठूनतरी झाली असणार. किडेकाकांनी सातवा पाय पुसला, चित्र पाठवून दिलं आणि घरात कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं.

पण न सांगून भागेना. दुसऱ्या दिवशी चतुराच्या पंखावर एक गोल डाग उमटला. तो पुसेपर्यंत नाकतोडा एकदम फुगायला लागला आणि बघता बघता सगळ्या पडद्यावर त्याचा एक डोळाच उरला. मग पान उलटं झालं. मुंगी तर पानावरून निघूनच गेली. किडेकाका आधी पडद्याच्या कडेला, मग सवयीने टेबलाखाली वाकून बघू लागले.

"काय शोधताय?" काकूंनी वाचनालयात निघता निघता विचारलं. त्या तिथे नोकरीला होत्या.

"मुंगी."

"स्वयंपाकघरात जा. हव्या तेवढ्या आहेत," काकू म्हणाल्या. पण जाताना त्यांनी एकदा वळून बघितलं.

त्याच दुपारी किडेकाका जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना भेटले. एरवी हे गृहस्थ नुसती मान हलवून पुढे जायचे. आज त्यांनी किडेकाकांचा हात हातात घेतला.

"मानलं तुम्हाला!" ते म्हणाले. "मी विचारायला संकोचत होतो. म्हटलं, ह्यांना चालेल की नाही. आणि तुम्ही? क्षणाचाही विलंब नाही!"

किडेकाकांना कशाचा काही पत्ता नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने सरळ विचारलं असतं, "अहो, कशाबद्दल बोलताय?" पण सातवा पाय डोक्यात वळवळत असलेल्या माणसाला एवढा साधा प्रश्न विचारता येत नाही. आपल्याला आठवत नाही हे या वकिलाला कळलं, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळेल.

"छे छे, त्यात काय एवढं," किडेकाका म्हणाले.

"मग आत्ताच आणतो!" असं म्हणून वकीलसाहेब वर पळाले आणि एक वेताची टोपली घेऊन खाली आले. टोपलीत एक पांढरं, जाडजूड, कपाळाला आठ्या असल्यासारखं दिसणारं मांजर होतं. "ह्याचं नाव मिलॉर्ड. मी परत येईपर्यंत तुमचाच. दूध कोमट लागतं. आणि त्याच्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही."

काकू घरी आल्या तेव्हा मिलॉर्ड त्यांच्या खुर्चीत बसला होता. काकूंना मांजराच्या केसांनी शिंका येतात हे किडेकाकांना पक्कं आठवत होतं, आणि आपल्याला काहीतरी आठवतंय याचंच त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"हे काय आहे?" शिंकत काकू म्हणाल्या.

"मांजर."

"ते दिसतंय. आलं कुठून?"

"मीच ठेवून घेतलं. म्हटलं, घरात काहीतरी जिवंत असावं."

"मी आहे की घरात!" काकू म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

आता हा सगळा घोळ नेमका कशाने होत होता ते वाचकांना सांगून टाकलेलं बरं, कारण किडेकाकांना ते कळायला अजून बराच अवकाश आहे. किडेकाका आयुष्यभर कागदावर हात टेकवून चित्रं काढत आले होते. करंगळीखालची हाताची कड कागदावर टेकली की मनगट स्थिर राहतं आणि मुंगीची मिशीसुद्धा थरथरत नाही. तोच हात ते आता काचेवर टेकवत होते. कागद बिचारा मुकाट्याने हात सोसतो. काचेला मात्र पेन कुठलं आणि हात कुठला हे कुणी शिकवलं नव्हतं. हात टेकला की तीही एक रेघ समजायची, दोन ठिकाणी टेकला की चित्र फुगवायची, जरा सरकला की मुंगीला पानाबाहेर ढकलून द्यायची. सातवा पायही असाच जन्मला. हाताखाली एक रेघ उमटली, किडेकाकांना वाटलं आपणच कच्ची काढून ठेवली आहे, आणि त्यांनी तिच्यावर प्रामाणिकपणे मांडी, नडगी आणि काटे चढवले.

आणि हे एवढ्यावरच थांबलं असतं. पण बारकीने फोन जोडून दिल्यापासून कुणाचा मेसेज आला की तो पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात डोकवायचा आणि त्याच्याखाली तयार उत्तरांची तीन बटणं उमटायची: 'हो', 'नक्की' आणि 'आनंदाने'. 'नाही' असं बटण ज्याने कुणी ते बनवलं त्याला सुचलंच नव्हतं. किडेकाकांचा हात बरोबर त्याच कोपऱ्यात विसावलेला असे. त्यांना हाताखाली क्षणभर काहीतरी चमकल्यासारखं व्हायचं, आणि तेवढ्यात त्यांच्या तळहाताने कुणालातरी शब्द दिलेला असायचा.

मांजराचं प्रकरण जेमतेम पचतंय तोवर काकू एका संध्याकाळी वाचनालयातून आल्या त्या नेहमीसारखी पिशवी आदळून नाही, तर अगदी अलगद. त्यांनी चहा केला, कप किडेकाकांच्या हातात दिला आणि शेजारी बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी याआधी कधी ठेवला होता ते किडेकाकांना आठवेना, आणि न आठवण्याच्या यादीत आणखी एक भर पडली म्हणून ते घाबरले.

"तुम्ही बदललात हो," काकू म्हणाल्या.

"मी?"

"दुपारी मेसेज करताना माझी छाती धडधडत होती. म्हटलं, आता संध्याकाळी घरी भांडण. आणि तुमचं लगेच उत्तर. 'आनंदाने'! मी तिथे पुस्तकांच्या मागे जाऊन डोळे पुसले."

"असं होय," किडेकाका जपून म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्हाला किती त्रास झाला, मला माहीत आहे. पण तेवढं मनात नाही ठेवलंत तुम्ही."

मागच्या वेळी काय झालं होतं? किडेकाका चहाचे घोट घेत विचार करत राहिले. काकू झोपायच्या खोलीत गेल्यावर त्यांनी घाईघाईने फोन काढला आणि, जे ते एरवी कधीच करत नसत ते केलं, मेसेज उघडला. काकूंनी लिहिलं होतं: 'मावशीला महिनाभर आपल्याकडे राहायला बोलावू का?' खाली उत्तर होतं: 'आनंदाने.' उत्तर त्यांच्याच फोनवरून गेलेलं. वर वकीलसाहेबांचाही मेसेज होता: 'मांजर सांभाळाल का?' आणि खाली: 'आनंदाने.'

ही मावशी म्हणजे काकूंच्या आईची धाकटी बहीण. मागच्या मुक्कामात तिने किडेकाकांची वाळलेल्या किड्यांची पेटी केर समजून टाकून दिली होती. एक वेळ सिंहाला त्यांनी आनंदाने घरात घेतलं असतं, पण तिला नाही. आता शंकाच नव्हती. आपण लिहितो, आणि विसरतो. शिवाय जे लिहितो ते आपल्या स्वभावाच्या विरुद्ध लिहितो. अप्पांचंसुद्धा एवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संपादिकाबाईंचा फोन आला. "काका, किती गुणी हो तुम्ही! नाकतोड्याची सगळी पानं पुढच्या शुक्रवारपर्यंत देता का विचारलं, तर लगेच 'नक्की'! मी छापखान्याला सांगून टाकलंय हं. आता मागेपुढे नको."

"हो तर. नक्की म्हणजे नक्की," किडेकाका म्हणाले.

ती पानं महिन्याच्या कामाची होती. पण शुक्रवार चुकला तर पुस्तक दुसऱ्याकडे जाणार, आणि एकदा का किडे दुसऱ्याकडे गेले की ते परत येत नाहीत. म्हणून किडेकाका सकाळपासून पडद्यावर वाकून बसू लागले. जितके जास्त वेळ ते बसत, तितका जास्त वेळ त्यांचा हात त्या कोपऱ्यात राही, आणि तितक्या जास्त लोकांना ते होकार देत. इमारतीच्या टाकीवर देखरेख करायला ते तयार झाले. वाचनालयाच्या कार्यक्रमात गाणं म्हणायला तयार झाले. कुठल्याशा अनोळखी बाईने 'सोफा अजून विकायचा आहे का' असं चुकून त्यांना विचारलं, तिलाही त्यांनी हो सांगितलं.

शेवटी काकूंनाच राहवेना. सकाळी त्या म्हणाल्या, "मावशीसाठी वेगळी उशी काढून ठेवते," तर किडेकाका पडद्यावरून मान वर न करता म्हणाले, "कुठली मावशी?" आणि लगेच सावरून, "हां हां, आपली मावशी! छान बाई." मावशीला ते छान बाई म्हणाले हे ऐकून काकूंच्या हातातली उशी खाली पडली. मग त्यांनी दाराआडून बघितलं. नवरा बोटांवर मुंगीचे पाय मोजत होता. एक, दोन, तीन... सहापाशी थांबून त्याने सुस्कारा टाकला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

काकूंनी गच्चीवर जाऊन दादांना फोन लावला.

दादा म्हणजे किडेकाकांचे थोरले भाऊ. या दोघांमध्ये काही वर्षं बोलणं बंद होतं. दादा पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा किडेकाकांनी त्यांचं चित्र काढून भेट दिलं. पण जन्मभर किडे काढलेल्या माणसाचा हात. त्याला काही सोडताच येत नाही. दादांचे कान जसे होते तसे, प्रत्येक वळणासकट आणि त्यातल्या केसांसकट चित्रात उतरले. भरल्या सभेत कापड दूर झालं आणि पोस्टमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे आधी चित्राकडे, मग दादांच्या कानांकडे बघू लागले. "हे कान माझे नाहीत," दादा म्हणाले. "मोजून काढलेत," किडेकाका म्हणाले. त्यावर दादांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि संबंध संपला.

"ह्यांचं काहीतरी बिनसलंय, दादा," काकू फोनवर म्हणाल्या. "सगळ्याला हो म्हणतात, आणि मग आठवत नाही."

दोघांच्याही मनात अप्पांच्या कपबशा आल्या असणार. पण दादा पडले शिस्तीचे. त्यांनी आधी खात्री करून घ्यायचं ठरवलं आणि भावाला इतक्या वर्षांनी पहिला मेसेज लिहिला: 'त्या चित्राच्या बाबतीत तुझंच चुकलं होतं. मान्य आहे का?'

किडेकाका तेव्हा नाकतोड्याच्या मागच्या पायाचे काटे काढत होते. हाताखाली काहीतरी चमकलं.

'नक्की,' उत्तर गेलं.

दादांनी ते दोनदा वाचलं. मग उठून बॅग भरायला लागले.

रविवारी सकाळी दार वाजलं. किडेकाकांनी उघडलं तर समोर दादा! हातात बॅग, डोळ्यांत कमालीची माया. ह्यालाही आपणच बोलावलं असणार, एवढं किडेकाकांनी ओळखलं.

"बाळ्या," दादा एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाले, "मी. कोण. आहे?"

किडेकाका चक्रावले. "दादा."

"शाबास! ये, बसू या आपण. सावकाश. इथे खुर्ची आहे."

"माझीच आहे ती," किडेकाका म्हणाले.

काकूंनी चहा आणून ठेवला. दादांनी कप उचलून भावासमोर धरला. "हे काय आहे, सांग बरं?"

"कप."

"आणि ही?"

"बशी," किडेकाका म्हणाले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याला काय झालंय ते नंतर बघू, पण दादाला कप आणि बशी ओळखता येत नाही! अप्पांचं दुखणं थोरल्याला आधी लागलं. साहजिकच आहे, वयाने तो मोठा. किडेकाकांचा सगळा राग विरघळला. त्यांनी दादांचा हात हातात घेतला आणि तितक्याच मोठ्याने, तितक्याच सावकाश म्हणाले, "काळजी करू नकोस दादा. ह्यात चहा असतो. हा असा प्यायचा."

"मला माहीत आहे तो कसा प्यायचा!"

"हो हो, माहीत आहे तुला. सगळं माहीत आहे," किडेकाका समजुतीने म्हणाले.

दोघे भाऊ एकमेकांचे हात धरून, एकमेकांकडे कीव करत, बराच वेळ बसले. मिलॉर्ड दोघांकडे आळीपाळीने बघत होता. काकू दाराच्या चौकटीला टेकून पदराने डोळे आणि नाक पुसत होत्या; त्यातलं दुःख किती आणि मांजर किती हे सांगणं अवघड होतं.

"पण तुला कळलं कसं की मी..." किडेकाकांनी विचारलं.

"अरे, तू तुझं चुकलं म्हणालास ना!" दादा म्हणाले. "'नक्की' असं लिहिलंस. तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, शुद्धीवर असता तर हा मेला असता पण असं म्हणाला नसता."

"मी? माझं चुकलं असं मी म्हणालो?" किडेकाका ताडकन उठले. मांजर ठेवून घेतलं, ठीक. मावशी बोलावली, तेही एक वेळ ठीक. पण हे? "अशक्य! ते कान बरोबर होते!"

"शांत हो, शांत हो," दादा म्हणाले. "कान बरोबर होते. सगळं बरोबर होतं. तू पाणी पी."

आता बोलण्यात अर्थ नव्हता. चिडले की किडेकाका कामाला बसत. ते तसेच टेबलापाशी गेले आणि नाकतोड्यावर वाकले. इतक्यात कुलूप वाजलं आणि पाठीवर भलं मोठं ओझं घेतलेली बारकी सहलीहून आत आली. तिने मोठेकाकांना बघितलं, मांजराला बघितलं, रडणाऱ्या आईला बघितलं, आणि शेवटी बाबांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. त्याच वेळी खालच्या कोपऱ्यात वकीलसाहेबांचा मेसेज डोकावला: 'मला यायला अजून पंधरवडा लागेल. चालेल ना?'

बाबांचा हात किंचित सरकला. 'आनंदाने.'

"बाबा!" बारकी किंचाळली. "हे तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? मिशी काढतोय."

"हात उचला. आता टेकवा. आता सरकवा." हाताखालून एक जाड रेघ निघाली आणि नाकतोड्याला शेपूट फुटलं. "अहो, पेन जेवढं लिहितंय तेवढाच तुमचा तळहातही लिहितोय! मेसेजना उत्तरंसुद्धा तोच देतोय!"

किडेकाकांनी आपला हात उलटा करून बघितला. त्यांनी आयुष्यभर तो हात वापरला होता, पण त्याच्याकडे असं संशयाने कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. "म्हणजे मी ठीक आहे?"

"तुम्ही एकदम ठीक आहात. थांबा." बारकीने चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये कुठेतरी शिरून 'फक्त पेन' अशी एक खूण केली. "आता चित्रात हाताची रेघ उमटणार नाही. पण मेसेज बाहेरून येतात, त्यांना हे लागू नाही. त्याला दुसरा उपाय." ती आत गेली, आपला एक जुना सुती मोजा आणि कात्री घेऊन आली, मोज्याला अंगठ्यासाठी आणि पहिल्या दोन बोटांसाठी भोकं पाडली आणि तो बाबांच्या हातावर चढवला. करंगळी, शेजारचं बोट आणि हाताची कड झाकली गेली. "कापडातून काचेला स्पर्श कळत नाही. आता बसा हवं तेवढं टेकून."

किडेकाकांनी हात टेकवला. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा टेकवला, सरकवला, जोरात थोपटला. नाकतोडा जागचा हलला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा किडेकाका हसले.

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे आता कोरडे होते. "म्हणजे मावशीला 'आनंदाने' तुम्ही नाही म्हणालात?"

किडेकाकांनी बायकोकडे बघितलं. तिचा तो खांद्यावरचा हात त्यांना आठवला.

"छे! ते मीच म्हणालो," ते म्हणाले. "बाकीचं सगळं हाताने."

काकूंनी त्यांच्याकडे जरा रोखून बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. पुढे विचारलं ते दादांनी. भाऊ धडधाकट आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. तो आता हळूहळू उतरायला लागला.

"आणि माझा मेसेज?"

"तो हाताने."

"म्हणजे तुझं चुकलं हे तुला मान्य नाही?"

"मुळीच नाही."

"बरं झालं विचारलं," दादा म्हणाले आणि उभे राहिले. "मी उगाच धावत आलो. चला, निघतो."

"दादा, निदान जेवून तरी..." काकू म्हणाल्या. पण दादांनी बॅग उचलली होती. ते बाहेर गेले आणि जिन्याच्या कठड्याला टेकून, वाकून बूट घालू लागले. किडेकाका टेबलापाशीच राहिले. उठून दारापर्यंत जावं असं त्यांना फार वाटत होतं, पण गेलो तर काहीतरी बोलावं लागेल आणि बोलायला लागलो की कान येतील, या पेचात ते मोज्याकडे बघत बसले.

एवढ्यात पडदा वाजायला लागला. कॉल येत होता. नाव होतं: दादा.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून वाकलेल्या दादांची पाठ दिसत होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बुटाची नाडी.

"खिशातून लागलाय," बारकी कुजबुजली. "वाकल्यावर दाबला गेला असेल."

किडेकाकांनी हात पुढे केला. मोजा काचेवर घासला; काही झालं नाही. मग त्यांनी उघड्या बोटाने हिरवं बटण दाबलं. खोलीत कापडाचा खसखसाट भरला, पाठोपाठ दादांचा धापा टाकणारा श्वास, आणि मग, अगदी जवळून, दादांचं स्वतःशी चाललेलं पुटपुटणं.

"...बरा आहे बेटा. शाबूत आहे. मी तर कालपासून घास गिळला नाही... हट्टी तेवढाच आहे अजून. असू दे. हट्टी असू दे, पण ओळखतोय मला... ही नाडी कुणी बांधली... आणि कान मोठे आहेत तर आहेत. रोज आरशात दिसतात की. पोस्टातल्या सगळ्यांसमोर दाखवायची काय गरज होती, एवढंच माझं म्हणणं..."

काकूंनी तोंडावर पदर धरला. बारकीने कॉल बंद करायला बोट पुढे केलं, तर किडेकाकांनी मोजा घातलेल्या हाताने तिला अडवलं.

"दादा," ते पडद्याला म्हणाले.

जिन्यात दादा एकदम सरळ झाले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग स्वतःच्या पॅंटकडे बघितलं. आवाज तिथूनच आला होता. त्यांनी खिशात हात घालून फोन बाहेर काढला आणि कानाला लावला.

"कोण बोलतंय?"

"मी. बाळ्या."

"कुठून बोलतोयस?"

"आतून."

दादांनी अर्ध्या उघड्या दाराकडे बघितलं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. फोन तसाच धरून त्यांनी अगदी हळू विचारलं, "कधीपासून चालू होता हा? काय काय ऐकलंस?"

किडेकाकांनी बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

"काहीच नाही रे," ते म्हणाले. "आवाज नीट येत नव्हता."

"मग मीच येतो," दादा म्हणाले आणि बूट काढायला लागले.